शाल, हार आणि रविवारचा दवाखाना



गेल्या महिन्यात आमच्याकडे एक काम आले. मोहल्ल्याच्या जमातीने डॉक्टर आपांचा सत्कार करायचे ठरवले. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे उर्दूत सिपासनामा आणि मराठीत मानपत्र लिहिण्याचे काम आमच्या वाट्याला येणार हे ठरलेलेच होते. जमातीचे सेक्रेटरी घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, "सर, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. अल्फाज में कंजूसी मत करना."

डॉक्टर आपांना नावाने हाक मारणारे आता मोहल्ल्यात फारसे कोणी उरलेले नाही. बावीस वर्षे झाली, दर रविवारी सकाळी नऊपासून जोहरच्या अजानपर्यंत त्या मशिदीमागच्या जुन्या मकतबच्या खोलीत बसतात. एक टेबल, दोन खुर्च्या, तपासायला एक लाकडी बाक आणि मध्ये जुन्या चादरीचा पडदा. फी नाही. त्यांचा स्वतःचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आठवड्याचे सहा दिवस तिथे जातात आणि सातवा दिवस इथे. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर काम करणारे पुरुष यांची वस्ती मोठी. कंबर धरलेल्या, रक्त कमी असलेल्या, तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बायका सकाळी आठपासूनच पायरीवर बसलेल्या असतात. त्यांत आपल्या असतात, तशाच पलीकडच्या वस्तीतल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायकाही असतात. नंबर ज्याचा त्याला.

आम्ही दोन रात्री बसून सिपासनामा लिहिला. खादिम-ए-खल्क, मसीहा-ए-कौम, फरिश्ता-सिफत, जे जे आठवले ते सगळे घातले. वर्षे आणि तपशील बरोबर आहेत ना हे विचारायला कागद घेऊन आपांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पहिली चार वाक्ये वाचली आणि विचारले, "सर, ह्या बाई कोण? आपल्या मोहल्ल्यातल्या आहेत?"

आम्ही हसलो. त्याही हसल्या. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाल्या, "एवढं लिहिलंत, तर एक ओळ माझीही घाला. दर रविवारी दोन माणसं हवीत. डॉक्टर नकोत. लिहिता-वाचता येणारी आणि वेळेवर येणारी. माझे गुडघे गेले आहेत. अजून दोन-तीन वर्षं करेन, इन्शाअल्लाह. पुढे एखादा डॉक्टर मिळेलही. पण हाताखाली माणसं नसतील तर तोही टिकणार नाही."

ती ओळ आम्ही लिहून घेतली. घरी येऊन सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "सर, सत्काराच्या दिवशी मागणी बरी दिसत नाही. दुसऱ्या मीटिंगला बघू." आम्ही "ठीक आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. आपांनी दोन माणसे मागितली होती. त्यांपैकी एक माणूस त्यांनी पूर्वी एकदा आमच्यात शोधला होता, आणि तो टिकला नव्हता.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. तिचे अब्बा मागावर कामाला. खोकला जाईना म्हणून ती त्यांना रविवारी आपांकडे घेऊन आली. आपांनी थुंकी तपासायला सरकारी केंद्रात पाठवले. टीबी निघाला. औषधे सरकारकडून मोफत मिळतात आणि सहा महिने न चुकता घेतली तर हा आजार बरा होतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. खरी अडचण सहा महिने न चुकण्याची असते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. माणसाला वाटते, झालो बरा. आणि तो गोळ्या सोडतो. शरीरात उरलेले जंतू तेव्हा मेलेले नसतात, अर्धवट औषधाला सरावतात.

आपा आम्हाला म्हणाल्या होत्या, "सर, त्यांचं घर तुमच्या शाळेच्या वाटेवर आहे. आठवड्यातून एकदा डोकावत जा. बसू नका, चहा घेऊ नका. फक्त गोळ्यांचं पाकीट बघायचं."

सहा-सात आठवडे आम्ही डोकावलो. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणे आले, पाठोपाठ निवडणुकीचे काम आले. मनात म्हणालो, माणूस तर ठणठणीत दिसतो. तो रात्रपाळीला जाऊ लागला होता, दिवसा झोपायचा, आणि गोळ्या फळीवर पडून राहायच्या. काही महिन्यांनी खोकल्यातून रक्त आले. या वेळचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देणारा नव्हता. उपचार दीड-दोन वर्षांचा झाला, सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. मळमळ, कानांत सतत आवाज. माग सुटला. घर चालवायला मुलगी आईबरोबर विड्या वळायला बसली. आठवीच्या हजेरीपटावरचे तिचे नाव आम्हीच आमच्या हाताने कमी केले.

अल्लाहच्या मेहरबानीने माणूस वाचला. मुलीचे लग्न झाले, आता ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. रस्त्यात भेटली की पदर सावरून सलाम करते, आणि आमची मान खाली जाते. आपांनी मात्र इतक्या वर्षांत एका शब्दाने आम्हाला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

म्हणून सिपासनामा लिहिताना आम्ही इतके मोठे मोठे शब्द का वापरले, ते त्या रात्री आम्हाला उमगले. फरिश्त्याला मदतनीस लागत नाही. आपांना फरिश्ता म्हटले की आपण मोकळे.

आपल्या इतिहासात वैद्यांचा आदर कसा झाला, हे त्यानंतर आम्ही पुन्हा वाचायला घेतले. तीन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात.

पहिली मदिन्यातली. हजरत रुफैदा अल-अस्लमिया या सहाबिया जखमींची शुश्रूषा करत. ज्या जखमीकडे बघायला आपले असे कोणी नसे, त्याची जबाबदारी त्या घेत, आणि हे सारे सवाबच्या नियतीने. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज यांना बाण लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितले. तो तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता. जखमी साथीदाराला जवळून भेटता यावे, हा हेतू. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी तक्रार केली होती की मशिदीला लागून बायकांची गर्दी बरी दिसत नाही, दवाखाना दुसरीकडे न्यावा. तेव्हाच्या इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात फक्त रुफैदांचा तंबू कुठे होता एवढे सांगितले. पुन्हा तो विषय निघाला नाही. खोली आपांची राहिली.

दुसरी गोष्ट कैरोची. मन्सूर कलावून नावाचा सेनापती दमास्कसमध्ये पोटशूळाने आजारी पडला. सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी 1154 साली तिथे उभारलेल्या नूरी बीमारिस्तानातून औषधे आणून हकिमांनी त्याला बरे केले. उठून बसता येऊ लागल्यावर तो स्वतः घोड्यावरून ते रुग्णालय पाहायला गेला, आणि त्याने मन्नत मानली की अल्लाहने राज्य दिले तर असेच रुग्णालय बांधीन. पुढे तो मिसरचा सुलतान झाला आणि 1284 मध्ये कैरोत मन्सूरी बीमारिस्तान उभे राहिले. त्याच्या खर्चासाठी त्याने मिळकती वक्फ केल्या, म्हणजे तो गेल्यावरही औषधाला पैसा कमी पडू नये. ते शतकानुशतके चालले, आणि त्याच आवारात आजही डोळ्यांचे रुग्णालय आहे. हकिमांना त्याने खिलअत दिली असेल, नसेल. इतिहासाने लक्षात ठेवली ती बरे झालेल्या रुग्णाची मन्नत.

तिसरी गोष्ट जवळची आहे, आणि ती आम्हाला जास्त लागली. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे नाव आपण 1927 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून, नाहीतर जामिया मिल्लिया इस्लामियाच्या उभारणीतले एक मोठे नाव म्हणून ऐकलेले असते. गाझीपूर जिल्ह्यातल्या युसूफपूरचे हे गृहस्थ मुळात शल्यविशारद. एडिनबरोत शिकले, लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात काम केले आणि मायदेशी येऊन दिल्लीत स्थिरावले. प्रॅक्टिस जोरात होती. 1912 च्या ऑक्टोबरात बाल्कन युद्ध पेटले आणि तुर्कस्तानच्या जखमी सैनिकांच्या बातम्या येऊ लागल्या. मौलाना मुहम्मद अली यांनी आपल्या ‘कॉम्रेड’ पत्रातून मदतीची हाक दिली. लोकांनी वर्गणी दिली. डॉ. अन्सारींनी चालती प्रॅक्टिस बाजूला ठेवली आणि त्या डिसेंबरात वैद्यकीय पथक घेऊन ते मुंबईच्या बंदरातून निघाले. 1913 च्या जुलैत परतले. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते.

या पथकाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यात डॉक्टर मोजकेच होते. बाकीचे बहुतेक तरुण, कित्येक अलिगढच्या कॉलेजातले विद्यार्थी. त्यांतले बहुतेक वैद्यकी शिकलेले नव्हते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, जखमींना उचलून आणणे, वॉर्डात रात्रभर जागणे, सामानाचा हिशेब ठेवणे ही त्यांची कामे. त्यांतला पेशावरचा अब्दुर्रहमान नावाचा एक विद्यार्थी पथक परतल्यावरही तुर्कस्तानातच राहिला, पुढे तिथल्या सैन्यात लढला आणि काही वर्षांनी काबूलमध्ये तुर्कस्तानचा राजदूत झाला. पण मिशनच्या दिवसांत तो जखमींच्या पट्ट्या बदलणाऱ्यांपैकीच एक होता. पट्ट्या बदलणारे ते हात नसते, तर दिल्लीच्या निष्णात सर्जनने एकट्याने किती जखमी सांभाळले असते?

डॉ. अन्सारींची ती सेवा तिकडेही कोणी विसरले नाही. तुर्कस्तानच्या नामवंत लेखिका हालिदे एदिब 1935 साली जामियात व्याख्याने द्यायला दिल्लीत आल्या, तेव्हा त्या डॉ. अन्सारींच्याच घरी उतरल्या. पुढच्याच वर्षी मसुरीहून दिल्लीला येताना रेल्वेतच डॉक्टरसाहेबांचे निधन झाले. जामियाच्या आवारात त्यांची कबर आहे. आपण मात्र त्यांचा सन्मान कसा केला? दिल्लीत एम्स रुग्णालय ज्या भागात उभे आहे, त्या भागाचे नाव अन्सारी नगर. देशभरातून तिथे रुग्ण येतात, आपापल्या कागदांवर ते नाव घेऊन परत जातात. हे अन्सारी कोण, असे त्यांच्यातल्या किती जणांना विचारता येईल? नाव देणे वाईट नाही. नाव पाटीवर राहते, एवढेच.

मदिन्यात जागा मिळाली, कैरोत पैसा मिळाला, 1912 मध्ये हात मिळाले. आपल्या मोहल्ल्याने आपांना जागा दिली आहे. औषधांसाठी रमजानात थोडा पैसाही निघतो. कमी पडतात ते हात. आणि हात द्यायला डॉक्टर असावे लागत नाही, हे आम्ही आता स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो. रविवारच्या दवाखान्यात चार रविवार बसून आम्ही कामांची यादी केली. ती इथे देतो, कारण आपल्याही गावात, मोहल्ल्यात असा एखादा डॉक्टर असेलच.

नंबर लावणे आणि वहीत नाव, वय, तक्रार लिहिणे. हे कोणी केले तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. वजन करणे आणि यंत्राने रक्तदाब मोजणे, हे अर्ध्या दिवसात शिकता येते. डॉक्टरांनी लिहिलेले कोणते औषध कधी घ्यायचे, जेवणाआधी की नंतर, हे रुग्णाला त्याच्या बोलीत दोनदा सांगणे आणि त्याच्याकडून एकदा म्हणून घेणे. विडी कामगार बाईला सिव्हिलमध्ये जायला सांगितले तर ती जात नाही, कारण कोणत्या खिडकीवर जायचे ते तिला कळत नाही. तिच्याबरोबर एक शिकलेली मुलगी गेली तर ती जाते.

कागदपत्रांचे काम तर डोंगराएवढे आहे. ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांमध्ये 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. हा कायदा आहे, मेहरबानी नाही. पण रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला हातात घेऊन त्याविषयी विचारणारे कोणीतरी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांच्याकडे आधी जायचे की ऑपरेशननंतर, हे न कळल्यामुळे दागिने मोडलेली घरे आमच्या माहितीत आहेत. आधीच जायचे असते. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून दरमहा 1,000 रुपये बँक खात्यात मिळतात. खाते जोडलेले नसेल तर ते पैसे येत नाहीत. हे जोडून देण्यासाठी बीएड लागत नाही, एमबीबीएस तर नाहीच.

आणि शेवटचे काम गोळ्यांचे पाकीट पाहण्याचे. बसायचे नाही, चहा घ्यायचा नाही. फक्त पाहायचे. हे काम दिसायला सगळ्यात सोपे आहे. सहा महिने करायचे, हीच त्यातली मेहनत.

सत्काराच्या दिवशी इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या पटांगणात मोहल्ला जमला. नगरसेवक आले, शाल झाली, हार झाले, फोटो झाले. आपा पहिल्या रांगेत अवघडून बसल्या होत्या, मधून मधून गुडघा चोळत होत्या. आम्ही सिपासनामा वाचायला उभे राहिलो. मसीहा आणि फरिश्ता आदल्या रात्रीच काढून टाकले होते. बावीस वर्षे, दर रविवार, नऊ ते जोहर, एवढेच साध्या शब्दांत लिहिले होते. शेवटी सेक्रेटरीसाहेबांकडे न बघता आपांची ओळ वाचली. मग गोळ्यांच्या पाकिटाची गोष्ट सांगितली, मुलीचे आणि तिच्या घरच्यांचे नाव न घेता, स्वतःचे नाव घेऊन.

कोणाच्या डोळ्यांत पाणी आले का, ते माहीत नाही. टाळ्या थोड्या उशिरा वाजल्या. सेक्रेटरीसाहेब दोन दिवस आमच्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी आले, म्हणाले, "खोलीला पंखा नाही. तो जमातीकडून बसवू."

पहिल्या रविवारी अकरा जण आले. इतक्यांना उभे राहायला जागा नव्हती, आपा वैतागल्या. दुसऱ्या रविवारी पाच आले. चौथ्या रविवारी तिघे होते, आणि तेच तिघे अजून येतात. एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, नंबर लावण्यात त्यांचा हात कोण धरणार? एक बीएस्सीला असलेली मुलगी, ती रक्तदाब मोजते आणि बायकांबरोबर सिव्हिलमध्ये जाते. तिसरे आम्ही. आमच्याकडे सध्या टीबीच्या चार घरांची जबाबदारी आहे. शाळा सुटल्यावर सायकल त्या गल्ल्यांतून घालतो. पाकिटात रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या जागा मोजतो आणि वहीत खूण करतो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहेत. पेपर तपासायचे आहेतच. या वेळी त्या चार घरांच्या वेळा आम्ही शाळेच्या वेळापत्रकाखालीच लिहून ठेवल्या आहेत.

त्या मुलीच्या अब्बांना एकदा भेटावे आणि माफी मागावी, असे ठरवले आहे. अजून हिंमत झालेली नाही. वाचकांसमोर लिहून ठेवले म्हणजे टाळता येणार नाही, म्हणून लिहिले.

वाचकहो, तुमच्याही मोहल्ल्यात कोणी डॉक्टर, कोणी हकीम, कोणी नर्स, कोणी सुईण अशी असेल, जी वर्षानुवर्षे मोबदला न घेता लोकांची खिदमत करत असेल. त्यांचा सत्कार जरूर करा. हयात असताना करा, मरहूम झाल्यावर शोकसभा घेण्यात काय अर्थ? शाल द्या, हार घाला. पण त्याआधी एकदा त्यांना विचारा की तुम्हाला काय कमी पडते. आणि ते जे सांगतील, ते कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या नंबरावर घ्या. एक जीव वाचवण्याचे मोल काय, हे सूरह अल-माइदा वाचणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. त्या सवाबात आपल्यालाही वाटा मिळू शकतो. वाटा मागायला मात्र रविवारी सकाळी नऊला हजर राहावे लागते.

अल्लाह तआला डॉक्टर आपांना सेहत आणि लांब उमर देवो, त्यांच्या गुडघ्यांना आराम देवो, आणि त्यांच्या हाताखाली टिकणारी माणसे देवो. त्यांत आम्हालाही टिकण्याची तौफिक देवो. आमीन.